मागच्या दाराने येणारे वाचक

किल्लीवाल्याला कुणी एखादी गोष्ट कर म्हणून सांगितलं, की ती न करण्याच्या तयारीला तो लगेच लागायचा. त्यात कुणावर राग असायचा असं नाही. स्वभाव. लहानपणी मास्तरांनी उभा राहा म्हटलं तेव्हा हा बसून राहिला, आणि बस म्हटलं तेव्हा उठून घरी गेला, तो शाळेत परत आलाच नाही. पुढचं सगळं शिक्षण त्याने वाचनालयात घेतलं. तिथे कुणी कुणाला काही कर म्हणून सांगत नाही. फार तर हळू बोला म्हणतात, आणि तेवढंही त्याने कधी ऐकलं नाही.

त्याची टपरी वाचनालयाच्या भिंतीला टेकून होती. टपरी भिंतीला टेकली आहे की भिंत टपरीला, यावर त्याचा पालिकेशी जुना वाद होता. टपरीत एक स्टूल, किल्ली घासायचं मशीन, कानशी आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांचे झुबके. गिऱ्हाईक नसलं की तो 'आत आहे' अशी पाटी लावायचा आणि वाचनालयात जाऊन बसायचा. आत म्हणजे कुठे, हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. ती सरळ वाचनकक्षात यायची आणि हातातलं कुलूप त्याच्या नाकासमोर हलवायची. ग्रंथपाल बाई मान वर करून बघायच्या.

"बघताय काय?" तो म्हणायचा. "लोकांची घरं बंद पडलीत."

वाचनालय म्हणजे पालिकेची एक छोटी शाखा. एकच लांबट खोली. दोन मोठी टेबलं, भिंतीला लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचे तिरपे स्टँड, आणि एक पंखा, जो फिरताना दरवेळी आता पडतो की मग पडतो असा आवाज काढायचा आणि पडायचा नाही. घरी पुस्तक न्यायची सोय गावातल्या मोठ्या वाचनालयात. इथे बसून वाचायचं. खिडकीपाशी एका हाताची एक खुर्ची होती. दुसरा हात कधी गेला ते कुणालाच आठवत नव्हतं. ती खुर्ची किल्लीवाल्याची. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण नवख्या माणसाने तिथे बसून बघावं.

या खुर्चीचं त्याला एवढं का, ते सांगायला हवं. त्याचं घर दोन खोल्यांचं. मुलगा रात्रपाळीला, दिवसा आतल्या खोलीत झोपायचा. सून दिवसपाळीला. म्हणजे घरात दिवसा मोठ्याने बोलायचं नाही, आणि किल्लीवाल्याला दुसऱ्या कुठल्याही प्रकारे बोलता येत नव्हतं. शिवाय धंदा उतरला होता. लोकांनी बोट लावून उघडणारी कुलपं बसवली होती, आणि बोटाची नक्कल काढून द्या म्हणत अजून कुणी टपरीवर आलं नव्हतं. बायको दुपारचं आवरलं की बहिणीकडे जायची. तेव्हा उठल्यापासून अंधार पडेपर्यंत या माणसाला जगात बसायला एकच जागा होती, आणि तिला एकच हात होता.

मग एके दिवशी पुढच्या दाराला यंत्र बसलं.

किल्लीवाला कुलूप दुरुस्त करून परत येत होता. बघतो तर दारात शिडी आणि शिडीवर वायरमन.

"हे काय?"

"मोजायचं यंत्र. माणूस आत गेला की आकडा वाढतो."

"कशाला?"

"वरून सांगितलंय."

"वर कोण आहे?"

वायरमनने वर बघितलं. वर छत होतं. "काका, मला दार सांगितलंय. कारण नाही सांगितलं."

किल्लीवाला पायरीवरूनच ओरडला, "बाई! आम्ही काय मेंढरं आहोत?"

"मी म्हणाले का तसं?" बाई आतून म्हणाल्या.

"तुम्ही नाही. यंत्र म्हणतंय. आज मोजतील, उद्या तिकीट लावतील, परवा विचारतील की तू कालच येऊन गेलास, आज परत कशाला?"

हे त्याचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. पालिकेने बागेत आधी मोजलं आणि मग तिकीट लावलं, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून संध्याकाळी चहाच्या दुकानात बसून वाचकांनी ठरवलं, की यंत्रापुढून कुणीही जायचं नाही. सगळ्यात जोरात पाठिंबा दिला कंडक्टरने. हा बसमधून निवृत्त झालेला, पण आवाज अजून नोकरीत होता.

"जन्मभर मी लोक मोजले," तो म्हणाला. "म्हातारपणी मला कुणी मोजायचं नाही. दादा, तुम्ही म्हणाल ते."

आता पुढून जायचं नाही तर जायचं कुठून? कपाटांच्या रांगेच्या टोकाला मागच्या गल्लीत उघडणारं एक दार होतं. त्याची किल्ली बाई नोकरीला लागण्याच्या आधीच हरवलेली, कुलूप गंजून दाराचाच भाग झालेलं. किल्लीवाल्याने चहाचा कप चौकटीवर ठेवला, कुलूप उघडलं आणि कप उचलला. चहा गरम होता. हे तो नंतर सगळ्यांना सांगायचा. पुढे त्याने जुनं कुलूप काढून टाकलं, आपल्या हातचं नवं बसवलं आणि त्याची एक किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली.

बाईंनी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. वाचकाने कुठल्या दाराने यावं, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. बाई नियमाने चालणाऱ्या. जे लिहिलेलं नाही, त्याला हरकत घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी किल्ली खणात टाकली.

आणि मग काय, मागच्या गल्लीला दिवस आले. तिथली पायरी मोडकी होती, किल्लीवाल्याने तिला विटा लावल्या. 'परीक्षा' म्हणून एक मुलगी रोज यायची. तिचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. ती सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती आणि बरीच वर्षं देत होती. ती म्हणाली, की तिला बस-थांब्यावरून गल्लीच जवळ पडते. नवा वाचक पुढच्या पायरीवर दिसला, की कंडक्टर धावत जाऊन त्याला दाराबाहेरच धरायचा आणि वळसा घालून मागून आणायचा. "इकडून, इकडून, पुढे सरका." काही महिन्यांत मागच्या दाराची कडी हातांनी घासून चकचकीत झाली आणि पुढच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात कोळ्याने जाळं धरलं.

यंत्र बिचारं तिथे लाल आकडा लावून उभं. सकाळी स्वतः आत आल्यावर बाई ते चालू करायच्या आणि महिनाअखेरीस त्यातला आकडा वर पाठवायच्या. जो दिसेल तो. शेरा लिहायला जागा नव्हती, म्हणून शेरा नाही. किल्लीवाल्याने त्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं म्हणजे मानलं. एवढं मात्र खरं, की त्याने आयुष्यात पालिकेशी जितकी भांडणं केली, त्यातलं हे एकच तो पूर्ण जिंकला होता. अर्ज नाही, हेलपाटे नाहीत, कुणाची सही नाही. जिंकून टाकलं होतं. त्याबद्दल तो चहाच्या दुकानात इतकं बोलला, की दुकानदार त्याला बघितलं की आधीच मान डोलवायला लागायचा.

मग एका रात्री जेवताना बायको म्हणाली, "तुमच्या वाचनालयाच्या दारावर कागद लावलाय."

"कुठल्या दारावर?"

"दाराला दार म्हणतात त्याच. पुढच्या."

"काय लिहिलंय?"

"बंद करणार म्हणून लिहिलंय. झाले की बरेच दिवस लावून."

त्याचा घास हातातच राहिला. "आणि तू हे मला आत्ता सांगतेस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," बायको म्हणाली. "दिवसभर तिथेच असता ना?"

बहिणीचं घर बाजाराच्या अलीकडे, वाचनालय बाजाराच्या पलीकडे. मग हिला जाता-येता पुढचं दार दिसलं कसं, हा प्रश्न त्याला त्या वेळी सुचला नाही. सुचायला हवा होता.

सकाळी सगळे वाचक पुढच्या दारासमोर उभे राहिले, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच. कोळ्याचं जाळं बाजूला करून किल्लीवाल्याने कागद मोठ्याने वाचला. पालिकेच्या खर्चात कपात करायची असून, वापर नसलेल्या शाखा बंद करण्यात येतील. या शाखेत रोज सरासरी एक वाचक येतो. हरकत असल्यास कळवावे, अधिकारी येऊन पाहणी करतील.

पालिकेला पैसे वाचवायचे असले की सगळ्यात आधी पुस्तकं आठवतात, कारण पुस्तकं रस्ता अडवून बसत नाहीत. केलेला रस्ता खोदायला पैसे असतात, खोदलेला बुजवायला असतात, साहेबांच्या दालनाचे पडदे बदलायला असतात. पंखा बदलायला नसतात. हे सगळं तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. किल्लीवाल्याला सगळ्यात जास्त कळत होतं. पण तो भलत्याच शब्दावर अडकला होता.

"सरासरी एक?" तो म्हणाला. "एक कोण?"

"दादा, बंद करतायत," कंडक्टर म्हणाला.

"ते वाचलं मी. पण एक कोण? आपलं ठरलं होतं ना, कुणीही पुढून जायचं नाही? मग रोज जातोय कोण?"

"दादा—"

"गद्दार आहे आपल्यात. रोजचा गद्दार."

"काका," परीक्षा म्हणाली. एरवी ती फारशी बोलायची नाही. "आमच्या घरी सहा माणसं आणि एक टेबल आहे. टेबलावर टीव्ही आहे. हे बंद झालं तर मी कुठे बसू, तेवढं सांगा. गद्दार नंतर शोधू."

किल्लीवाल्याच्या डोळ्यांसमोर एका हाताची खुर्ची आली. मग दोन खोल्यांचं घर आलं आणि आतल्या खोलीत झोपलेला मुलगा आला.

"चूक आपली झाली," कंडक्टर म्हणाला. "म्हणजे, आपली म्हणजे..." आणि त्याने शब्द हवेत सोडून दिला. सगळ्यांनी तो किल्लीवाल्याच्या डोक्यावर बसताना पाहिला.

"चूक यंत्राची आहे. त्याला मागचं दार दिसत नाही, त्याला मी काय करू?"

"उद्यापासून सगळ्यांनी पुढून जायचं. तुम्हीही."

"मी नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"स्वतःला."

"मग घ्या की परत! देणारे तुम्ही, घेणारे तुम्ही."

"तुला जमेल. बसमध्ये सुटे द्यायची-घ्यायची सवय तुला, मला नाही."

दुसऱ्या दिवसापासून सगळे पुढून जाऊ लागले, किल्लीवाला सोडून. तो एकटा मागून यायचा आणि दार जरा जास्तच जोरात लावायचा. इकडे कंडक्टरच्या अंगात जुनी नोकरी संचारली. गाडी रिकामी पळवायची त्याला कधी सवयच नव्हती. तो म्हणाला, एवढे दिवस आकडा मागे राहिलाय, भरून काढायला हवा. मग लोक पुढून आत जायला लागले, मागून बाहेर पडायला लागले, आणि वळसा घालून पुन्हा पुढून. कंडक्टर पायरीवर उभा राहून हाकारायचा. ज्यांना गुडघेदुखी होती तेसुद्धा फिरले. वाचन त्या दिवसांत कुणाचं झालं नाही. परीक्षा तेवढी एकदा आत आली की बसायची, म्हणून कंडक्टर तिच्यावर नाराज होता.

"कंडक्टर," किल्लीवाला खुर्चीतून म्हणाला, "हे खोटं आहे."

"तुमचं खरं होतं, त्याने काय झालं ते बघितलं."

किल्लीवाल्याने पुस्तक वर धरलं आणि तासभर एकच पान वाचलं.

बाईंनी आकडा वर पाठवला. जो दिसत होता तो. वरून लगेच उत्तर आलं, की एवढी माणसं या वॉर्डात राहतच नाहीत, तेव्हा एक तर यंत्र बिघडलं आहे, नाही तर वाचक फेऱ्या मारत आहेत. नवा आकडा रद्द, जुनी सरासरी कायम. खुद्द साहेब मंगळवारी पाहणीला येतील. आणि पाहणी ही एकदाच.

सोमवारी संध्याकाळी बाई उठून उभ्या राहिल्या. बाई वाचनकक्षात बोलल्या असं आधी कधी झालं नव्हतं. पंखासुद्धा जरा दबकून फिरला.

"उद्या साहेब येतील," त्या म्हणाल्या. "नाटक नको, फेऱ्या नकोत, हाकारे नकोत. आधीच आपण खोटारडे ठरलोय. रोज जसे येत होता तसे या, रोज जसे बसत होता तसे बसा. नेहमीसारखं वागा. कळलं?"

सगळ्यांना कळलं. मंगळवारी सगळे नेहमीसारखे आले. मागच्या दाराने.

साहेब तरुण होते. कपडे इस्त्रीचे, बोलणं इस्त्रीचं. आल्या आल्या त्यांनी बाईंकडे एक खुर्ची मागितली, ती पुढच्या दाराच्या बाहेर, यंत्राच्या शेजारी ठेवली आणि बसले.

"आत या ना, साहेब," बाई म्हणाल्या. "वाचक मागच्या—"

"शिफारस नको, बाई. यंत्रावर माझा विश्वास नाही आणि राग मानू नका, तुमच्या लोकांवरही नाही. मी माझ्या डोळ्यांनी मोजणार. कोण आत जातं ते बघतो."

बाईंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा साहेबांनी तळहात दाखवला. बाई नियमाने चालणाऱ्या. आत येऊन बसल्या.

आत सगळे साहेबांची वाट बघत होते. एकही खुर्ची रिकामी नव्हती. कंडक्टरने स्वच्छ शर्ट घातला होता आणि वर्तमानपत्र छातीशी असं धरलं होतं, जसा काही फोटो काढायचाय. किल्लीवाला खिडकीशी बसला होता. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता. एक गिऱ्हाईक कुलूप हलवत आलं, त्यालाही त्याने हातानेच थांब म्हणून सांगितलं, आणि ते गिऱ्हाईक घाबरून कोपऱ्यात स्टुलावर बसलं, तेही वाचकांत जमा झालं. जेवायची वेळ झाली. रोज या वेळी तो घरी जायचा, जेवायचा, आणि बायको बहिणीकडे निघून गेलेली असल्यामुळे एकट्यानेच थोडा वेळ पडायचा. आज गेला नाही.

बाहेर साहेबांनी दुपारपर्यंत मोजलं. रस्त्यावरून बरेच लोक गेले, आत कुणी गेलं नाही. एक कुत्रं पायरीवर चढलं, ते त्यांनी हिशेबात धरलं नाही. मग एक बाई आली. डोक्यावर छत्री, हातात पिशवी, पिशवीत चष्म्याचं घर. तिने छत्री मिटली आणि ती सरळ दाराकडे निघाली. पुढचं बोलणं तिने नंतर ज्या शब्दांत सांगितलं, त्याच शब्दांत इथे दिलं आहे.

"आजी, तुम्ही वाचनालयात?" साहेब म्हणाले.

"मग, दवाखान्यात आले असं वाटतंय का?"

"नाही, म्हणजे सकाळपासून तुम्ही पहिल्याच."

"असं होय? मग आत जागा मिळेल म्हणायची आज. रोज मेली एकही खुर्ची रिकामी नसते. माझ्या घरची एक तेवढी या वेळेला रिकामी असते, म्हणून बरं."

साहेब खुर्चीतून उठले. "रोज? आत? कोण असतं आत?"

"चला, दाखवते," ती म्हणाली.

पुढचं दार करकरलं. सगळ्या खोलीने मान वळवली. आधी छत्री आत आली, मग साहेब, पण किल्लीवाल्याला साहेब दिसलेच नाहीत. त्याला छत्री दिसली. ती त्याच्या घरची होती. छत्रीच्या मागे त्याची बायको होती.

"तू?" तो म्हणाला.

"तुम्ही?" ती म्हणाली. "जेवलात का?"

"तू बहिणीकडे असतेस ना?"

"तिच्याकडे काय आहे? जावेच्या कागाळ्या. त्या पाठ झाल्यात मला. इथे रहस्यकथांचं कपाट आहे, दुसऱ्या रांगेत. तुम्ही घरी जेवायला जाता तेवढ्यात मी त्या खुर्चीत बसते आणि तुम्ही यायच्या आत उठते."

"माझ्या खुर्चीत?"

"गरम असते चांगली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"घरी असता तेवढा वेळ तुमचंच ऐकते," बायको म्हणाली. "इथे तरी जरा खुनी माणसाचं ऐकू दे."

कंडक्टरने वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर घेतलं. त्याचे खांदे हलत होते. दुपारी त्या खुर्चीत कोण बसतं, हे किल्लीवाला सोडून सगळ्या खोलीला ठाऊक होतं.

"म्हणजे गद्दार तू," किल्लीवाला म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. त्या खोलीत तो पहिल्यांदाच योग्य तेवढा हळू बोलला.

"कसली गद्दार? मला कुणी सांगितलं होतं का मागून यायला? तुमच्या त्या बैठका चहाच्या दुकानात. आणि सांगितलं असतंत तरी आले नसते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी कुठल्याही घरात पुढच्या दारानेच जाते."

साहेब या सगळ्यात खोली मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांचा चेहरा इस्त्रीवर पाणी पडावं तसा झाला.

"मी सकाळपासून दारात बसलोय," ते म्हणाले. "ही माणसं आली कुठून? बाई, ही गर्दी आणलेली आहे. मागे फेऱ्या मारल्या, आता आधीच आणून बसवली. मी तसंच लिहिणार."

परीक्षाने पेन खाली ठेवलं आणि किल्लीवाल्याकडे बघितलं. कंडक्टरनेही बघितलं. बाईंनी बघितलं नाही, त्या टेबलाकडे बघत राहिल्या, आणि ते जास्त झोंबलं. खरं सांगितलं, तर जिंकलेलं एकमेव भांडण हरल्याचं सगळ्यांदेखत कबूल करावं लागणार होतं. नाही सांगितलं, तर खुर्ची गेली, टेबल गेलं, कपाट गेलं.

किल्लीवाला उठला. "साहेब, इकडे या."

कपाटांच्या रांगेच्या टोकाला नेऊन त्याने त्यांना मागचं दार दाखवलं. घासून चकचकीत झालेली कडी दाखवली. दार उघडून विटांची पायरी दाखवली. मधली वीट पावलांनी झिजून बशीसारखी झाली होती. गल्लीतल्या सायकली दाखवल्या.

"अशी कडी भाड्याच्या गर्दीने घासली जात नाही," तो म्हणाला. "दार मी उघडलंय. कुलूप माझं आहे. मागून यायचं मी ठरवलं. यांना मी सांगितलं."

"म्हणजे तुम्ही यंत्र चुकवलंत."

"चुकवलं नाही. नाकारलं."

"काका, फरक काय? तुमच्यामुळे ही शाखा बंद होत होती."

किल्लीवाल्याचे कान लाल झाले होते. दहा उत्तरं जिभेवर होती आणि दहाही त्याने गिळली. ते त्याला कुलूप उघडण्याइतकं सोपं गेलं नाही. "हो," तो म्हणाला.

"होत होती, झाली तर नाही ना?" मागून बायको म्हणाली. ती रहस्यकथेचं पुस्तक घेऊन तिथवर आली होती. "का नाही झाली?"

साहेब जरा अडखळले. "शून्य वाचकांच्या शाखा आम्ही पाहणी न करताच बंद केल्या. इथे एक होता. एक असला तरी बघावं लागतं."

"हं," बायको म्हणाली, पुस्तकात बोट घातलं आणि खिडकीशी जाऊन एका हाताच्या खुर्चीत बसली. ती रिकामीच होती.

निर्णय महिन्याभराने आला. शाखा एक वर्ष चालू राहील. एक वर्तमानपत्र कमी, पंखा आहे तोच, आणि झाडणारा माणूस आता दुसऱ्या शाखेसोबत वाटून घ्यायचा. कपात ती कपातच, ती कुठेतरी दात लावतेच. वर्षाने पुन्हा आकडा बघणार होते. म्हणून यंत्र पुढच्या दारावरून काढून मागच्या दाराला बसवण्यात आलं. तोच वायरमन आला होता. "आता तरी कारण सांगितलंय का?" असं किल्लीवाल्याने त्याला विचारलं. त्याने पुन्हा छताकडे बघितलं.

दुसऱ्या सकाळी वाचनालय उघडून थोडा वेळ झाल्यावर किल्लीवाला गल्लीत येऊन उभा राहिला. पुढचं दार आता मोकळं होतं. यंत्र नव्हतं, जाळंही झाडलेलं होतं. वळसा घालून तिकडून गेला असता, तर शब्द राहिला असता. कंडक्टर मागून येऊन त्याच्या शेजारी थांबला. आज त्याने पुढे सरका म्हटलं नाही.

किल्लीवाल्याने विटेवर पाय ठेवला आणि आत गेला. यंत्र टुक झालं.

आत जाऊन तो थेट बाईंच्या टेबलापाशी थांबला. "मी कितवा?"

बाईंनी आकडा बघितला. "दुसरे."

त्याला खिडकीकडे बघायची गरज नव्हती, तरी त्याने बघितलं. घरातून निघताना ती म्हणाली होती, बहिणीकडे लवकर बोलावलंय. ती त्याच्या खुर्चीत बसली होती आणि पुस्तकातून मान वर काढत नव्हती. यंत्र ज्या दाराला, तेच आता तिच्या लेखी पुढचं दार होतं.

"बाई," तो म्हणाला, "उद्या मागचं दार थोडं लवकर उघडाल का?"

"नाही."

"तुम्ही कशाला त्रास घेता म्हणा. मीच उघडेन. किल्ली आहे माझ्याकडे."

बाईंनी तळहात पुढे केला. "द्या ती इकडे."

त्याने खिशातून काढून दिली. बाईंनी हात मागे घेतला नाही. किल्लीवाला कधी एकच किल्ली करत नाही, एवढं त्यांना शेजाराने कळलं होतं.

त्याने दुसरीही दिली.

तिसरी बाईंनी मागितली नाही.